विश्लेषण : चांदीच्या जुन्या चमच्यामागचे ‘एचबी’ कोणाचे? कोण होत्या हेस्टर बेटमन?

चांदीचा भाव चढला की उपनगरांतील सराफांकडे मोड घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. मुलुंड-घाटकोपरच्या कच्छी घरांतील डबे आणि ताटे, अंधेरी-बोरिवलीच्या ख्रिस्ती व पारशी कुटुंबांतील चहाचे सेट, एखाद्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात आजोबांनी घेतलेले काटे-चमचे, सगळे एकाच तराजूत एकाच भावाने पडते. काट्याला वजन कळते आणि कसोटीला कस. पण काही भांड्यांच्या तळाशी किंवा चमच्याच्या दांड्यामागे तांदळाच्या दाण्याएवढे शिक्के ओळीने उमटवलेले असतात. त्यात सिंह असतो, मुकुटधारी बिबट्याचे तोंड असते, एखादे सुटे अक्षर असते आणि घडवणाऱ्याच्या नावाची दोन आद्याक्षरे असतात. जगभरचे संग्राहक ज्या आद्याक्षरांचा सर्वाधिक शोध घेतात, त्यांत वळणदार लिपीतील ‘एचबी’ वरच्या क्रमांकावर आहे. ही अक्षरे हेस्टर बेटमन यांची. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, असे त्यांच्यावरील अभ्यासक सांगतात.

हेस्टर बेटमन कोण होत्या?

माहेरचे आडनाव नीडहॅम. १७०८च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. घर गरिबाचे होते आणि शाळेचा संबंध आला नाही. १७३२ मध्ये त्यांचे लग्न जॉन बेटमन यांच्याशी झाले. जॉन सोन्याच्या साखळ्या घडवत. घड्याळ खिशात ठेवायचा तो काळ, त्यामुळे साखळ्यांना मागणी होती. पण जॉन मोठ्या पेढीचे मालक नव्हते. राहत्या घरातच भट्टी, ऐरण, तार ओढण्याची पट्टी आणि भोवती पोरे, असा तो संसार होता. आपल्याकडच्या गावातल्या सोनाराच्या घराहून तो फार वेगळा नसावा. या दाम्पत्याला सहा मुले झाली. पुढे लंडन शहराच्या वेशीलगतच्या बनहिल रो या रस्त्यावरील १०७ क्रमांकाच्या घरात ते राहू लागले आणि हाच पत्ता पुढे बेटमन घराण्याची ओळख बनला.

१७६० मध्ये जॉन क्षयाने गेले. मृत्युपत्रात त्यांनी आपली अवजारे पत्नीच्या नावे केली. ही तरतूद साधी वाटेल. पण त्या काळी कारागिराच्या विधवेपुढचा नेहमीचा मार्ग म्हणजे अवजारे विकणे आणि मुलांच्या आधाराने राहणे. जॉन यांनी अवजारे थोरल्या मुलाला दिली नाहीत, पत्नीला दिली. यावरून लग्नाच्या २८ वर्षांत त्या नुसत्या चुलीपाशी बसलेल्या नव्हत्या, कारखान्यातही त्यांचा हात होता, असा अंदाज बांधता येतो.

शिक्का नोंदवायचा म्हणजे काय करायचे?

पतीच्या निधनानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १७६१ मध्ये, ५२ वर्षांच्या हेस्टर लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये गेल्या आणि त्यांनी स्वतःचा शिक्का नोंदवला. हा हॉल म्हणजे सोनार-चांदीकारांच्या संघाचे मुख्यालय. इंग्रजीतील ‘हॉलमार्क’ हा शब्दच या हॉलवरून आला. प्रत्येक कारागिराने आपला माल तेथे न्यायचा, तेथील तपासनीस धातू किंचित खरवडून कस पाहणार, कस उतरला तर शिक्के मारणार आणि नाही उतरला तर भांडे तोडून परत देणार, अशी ती व्यवस्था होती. घडवणाऱ्याचा स्वतःचा शिक्का मात्र त्याने आधीच मारून आणायचा. भेसळ निघाली तर कोणाला धरायचे, हे त्यावरून ठरे.

प्रत्येक उस्तादाची स्वतःची खूण असावी, हा इंग्लंडमधील नियम १३६३ इतका जुना आहे. सुरुवातीला या खुणा चित्रांच्या असत, कारण कारागिरांना आणि गिऱ्हाइकांनाही अक्षरे वाचता येत नसत. १७३९च्या कायद्याने चित्रे गेली आणि नाव व आडनाव यांची आद्याक्षरे सक्तीची झाली. म्हणजे हेस्टर शंभर वर्षे आधी जन्मल्या असत्या, तर त्यांना एखादे फूल किंवा तारा चालला असता. त्यांच्या वाट्याला अक्षरे आली. अक्षरओळख नसलेल्या बाईंचा शिक्का शाळेत गिरवून घेतात तशा जोडलेल्या, वळणदार अक्षरांचा निघाला, हाही एक योगायोगच.

विधवांना शिक्का नोंदवता येई आणि अशी नोंदणी करणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. लुईसा कोर्टोल्ड यांच्यासारख्या आणखीही स्त्रिया त्या काळात चांदीकामाच्या पेढ्या चालवत होत्या. बहुतेकींनी पतीची गादी सांभाळली. हेस्टर यांचे वेगळेपण असे की पती साखळ्या करत, त्यांनी धंद्याचे वळण बदलले आणि चमचे, काटे, मग चहाची भांडी असे टेबलावरचे सामान हाती घेतले.

पहिल्या १३ वर्षांचा माल गेला कुठे?

शिक्का १७६१चा, पण १७७४च्या आधीची ‘एचबी’ भांडी फारच थोडी सापडतात. याचे कारण धंद्याच्या रीतीत आहे. हेस्टर यांची पेढी नवी, घर वेशीवरचे, दुकानाचा दर्शनी भाग नाही. त्यामुळे सुरुवातीची वर्षे त्या इतर चांदीकारांसाठी मजुरीवर माल घडवत. तयार चमचे मोठ्या दुकानदाराकडे जात आणि तो त्यावर स्वतःचा शिक्का, अनेकदा ‘एचबी’च्या डोक्यावरच, ठोकून टाकत असे. गिऱ्हाइकाला दुकानदाराचे नाव दिसे. घडवणारी खाली दबून जाई.

झवेरी बाजाराशी संबंध असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. दागिना पेढीच्या नावाने विकला जातो आणि तो घडवणारा कारागीर गल्लीतल्या माळ्यावर बसलेला असतो. काही इंग्रजी चमच्यांवर भिंगातून पाहिले की वरच्या शिक्क्याच्या कडेने खालच्या ‘एच’चे वळण डोकावते. संग्राहकांना असे चमचे विशेष आवडतात. हेस्टर यांच्या आयुष्यातील त्या १३ वर्षांचा पुरावा तोच आहे.

१७७४ नंतर चित्र पालटले. त्यांनी शिक्का पुन्हा नोंदवला आणि १७८७ पर्यंत त्याची आणखी काही रूपे नोंदवली. आता माल त्यांच्याच नावाने बाजारात येऊ लागला.

मोठ्या पेढ्यांसमोर त्या टिकल्या कशा?

तो काळ हाताने चांदी घडवणाऱ्यांसाठी कठीण होता. शेफिल्डमध्ये १७४०च्या दशकात तांब्याच्या जाड तुकड्यावर चांदी चिकटवून दोन्ही एकत्र लाटण्याची युक्ती निघाली होती. ती भांडी दिसायला चांदीची आणि किमतीला खूप स्वस्त. बर्मिंगहॅममध्ये मॅथ्यू बोल्टन यांचा कारखाना यंत्रांवर माल काढत होता. १७७३ मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफिल्ड या दोन्ही शहरांना स्वतःची कस-कचेरी मिळाली आणि लंडनला माल पाठवण्याचा त्यांचा खर्चही वाचला.

हेस्टर यांनी यंत्राला विरोध करत बसण्याऐवजी त्याचाच उपयोग केला. पूर्वी चांदीची लगड ठोकून ठोकून भांडे उभे करत. बेटमन कारखान्याने यंत्राने लाटलेला पातळ, एकसारखा पत्रा घेतला, तो कापला, वळवला आणि डाग देऊन जोडला. त्यामुळे धातू कमी लागला, वेळ वाचला आणि मध्यमवर्गीय घराला परवडेल अशा किमतीत खऱ्या चांदीची चहाची किटली देता आली. इंग्लंडमध्ये चहा तेव्हा उमरावांच्या दिवाणखान्यातून दुकानदार आणि वकिलांच्या घरांत शिरत होता. या नव्या गिऱ्हाइकाला राजवाड्यातले जडशीळ, वेलबुट्टीने मढलेले भांडे नको होते. त्याला हलके आणि नीटस हवे होते.

बेटमन भांडी ओळखायची ती यावरूनच. घाट साधा, बहुधा लंबगोल. कडेला बारीक मण्यांची ओळ. अंगावर उजळ छेदांची कोरीव नक्षी, म्हणजे छिन्नी तिरपी धरून असा काप घ्यायचा की दिव्याच्या उजेडात प्रत्येक कापाची बाजू चमकावी. काही ठिकाणी जाळीकाम. किटल्या, दुधाचे जग, साखरेची भांडी आणि चिमटे, मिठाच्या वाट्या, दौती, ट्रे आणि चर्चसाठीची भांडी या कारखान्यातून निघाली. राजदरबारी थाटाच्या मोठ्या कामांसाठी त्या ओळखल्या जात नाहीत. त्यांचे खरे राज्य होते चहाच्या टेबलावर.

पातळ पत्र्याला एक तोटाही आहे. अडीचशे वर्षे घासून-पुसून अनेक भांडी ठिसूळ झाली, कडा फाटल्या, नक्षी पुसट झाली. मुंबईच्या दमट हवेत चांदी काळी पडते, ती आठवड्याला चिंच किंवा पावडरने घासायची सवय अशा भांड्याला मारक ठरते. आधी झिजतात ते शिक्केच.

भांडी त्यांनी स्वतः घडवली का?

विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, हेस्टर यांचे नाव फार मोठे झाले. हातोडी घेऊन ऐरणीवर बसलेल्या आजीबाई अशी त्यांची प्रतिमा तयार झाली आणि ‘एचबी’ चमच्याला त्याच काळातील, त्याच तोडीच्या दुसऱ्या चमच्यापेक्षा बरीच जास्त किंमत येऊ लागली. नंतरच्या अभ्यासकांनी हे चित्र दुरुस्त केले. कारखान्यात पीटर आणि जोनाथन हे मुलगे होते, जोनाथन यांच्या पत्नी ॲन होत्या, शिकाऊ आणि पगारी कारागीर होते. एवढा माल एका व्यक्तीच्या हातून निघणे शक्यच नव्हते. शिक्का हा पेढीची जबाबदारी सांगतो. हातोडी कोणाच्या हातात होती, हे तो सांगत नाही. हे केवळ हेस्टर यांच्याबाबत नाही, त्या काळच्या जवळपास प्रत्येक नामांकित चांदीकाराबाबत खरे आहे.

पण त्यामुळे हेस्टर लहान होत नाहीत. धंदा कोणत्या दिशेने न्यायचा, कोणते गिऱ्हाईक धरायचे, नवे तंत्र घ्यायचे की नाही, हे निर्णय घेणारी व्यक्ती त्या होत्या आणि भेसळ निघाली असती तर धरले गेले असते तेही त्यांनाच. खोटे शिक्के मारणाऱ्याला १७५०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कायद्याने थेट मृत्युदंड ठेवला होता. १७७३ मध्ये तो हद्दपारीवर आला. अशा काळात ३० वर्षे आपल्या नावाचा ठसा धातूवर उमटवत राहणे ही किरकोळ गोष्ट नव्हती.

त्यांच्यानंतर शिक्क्यांचे काय झाले?

१७९० मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, हेस्टर निवृत्त झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पीटर आणि जोनाथन यांनी संयुक्त शिक्का नोंदवला, वर ‘पीबी’ आणि खाली ‘आयबी’. जोनाथनच्या आद्याक्षरासाठी ‘आय’ का, असा प्रश्न पडेल. जुन्या रोमन वळणात ‘जे’च्या जागी ‘आय’ लिहीत आणि शिक्क्यांवर ही रीत बराच काळ टिकली. जुनी चांदी वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवली नाही तर जॉन, जेम्स, जोसेफ असे अर्धे लंडन हातातून निसटते.

हा शिक्का जेमतेम काही महिने चालला, कारण १७९१ मध्ये जोनाथन वारले. त्यामुळे तो दुर्मीळ आहे. मग सासूच्या वाटेने सूनही गेली. ॲन यांनी १७९१ मध्ये दीर पीटर यांच्याबरोबर ‘पीबी-एबी’ असा शिक्का नोंदवला. १८०० मध्ये ॲन यांचा मुलगा विल्यम सामील झाल्यावर तीन जोड्यांचा शिक्का झाला. १८०५ नंतर ॲन यांची अक्षरे गेली आणि ‘पीबी-डब्ल्यूबी’ उरले, १८१५ पासून विल्यम एकटे. घराण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापलीकडेही चालले. एका घरातील मृत्यू, निवृत्ती आणि वारसा या सगळ्याची नोंद चमच्यांच्या पाठीवर अशी क्रमाने वाचता येते.

हेस्टर आयुष्याची अखेरची वर्षे आपल्या विधवा मुलीकडे राहिल्या. सप्टेंबर १७९४ मध्ये त्यांचे निधन झाले. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, न्यू यॉर्कचे मेट्रोपॉलिटन आणि वॉशिंग्टनचे स्त्री-कलावंतांसाठीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्याकडे आज त्यांची भांडी आहेत.

घरातील ‘एचबी’ त्यांचाच, हे कसे ओळखायचे?

आधी भांडे कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपावे. शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली की पुसट खुणा क्षणभर उठून दिसतात. मोबाइलचा कॅमेरा जवळून नीट टिपत नसेल तर सराफाचे दहापटीचे भिंग पुरते. उजेड समोरून नको, बाजूने तिरपा हवा.

सर्वांत आधी ‘ईपीएनएस’ ही अक्षरे शोधावीत. ती असतील तर भांडे निकेलच्या मिश्रधातूचे आणि त्यावर विजेच्या साह्याने चांदीचा मुलामा दिलेला. हे तंत्र १८४० नंतरचे आहे. मुंबईतील जुन्या घरांत अशा वस्तू भरपूर निघतात आणि त्यांवरची अक्षरे मुद्दाम ढालीच्या चौकटीत, खऱ्या शिक्क्यांसारखी मांडलेली असतात. तेथे ‘एचबी’ असले तरी ते हेस्टर नव्हेत.

मग बाकीच्या खुणा. हेस्टर यांचा माल लंडनमध्ये तपासला जाई, म्हणून बिबट्याचे तोंड हवे आणि त्याच्या डोक्यावर मुकुट हवा. हा मुकुट १८२१ मध्ये काढला गेला. नांगर दिसला तर ती बर्मिंगहॅमची खूण, म्हणजे माणूस दुसरा. चालणारा सिंह ९२५ कसाची ग्वाही देतो, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. त्या काळच्या लंडनच्या सिंहाचे तोंड आपल्याकडे वळलेले असते, १८२१ नंतरचा सिंह सरळ पुढे पाहतो. शिक्का झिजला नसेल तर एवढ्या एका गोष्टीवरून पुष्कळ निकाल लागतो.

सुटे अक्षर वर्ष सांगते. लंडनच्या चक्रात २० अक्षरे असत, ‘जे’ वगळून ‘ए’ ते ‘यू’ आणि त्यातही ‘व्ही’नंतरची अक्षरे नाहीत. अक्षर दरवर्षी मे महिन्यात बदले. हेस्टर यांच्या भरभराटीचे चक्र १७७६ मध्ये छोट्या लिपीतील ‘ए’ने सुरू झाले. त्या हिशेबाने छोटा ‘ई’ म्हणजे १७८०, छोटा ‘के’ म्हणजे १७८५ आणि छोटा ‘पी’ म्हणजे १७९०. त्यापुढचे अक्षर आणि शेजारी ‘एचबी’ असे सापडले तर शंका घ्यावी.

१ डिसेंबर १७८४ पासून पाचवी खूण आली, राजाचे मस्तक. अमेरिकेतील युद्धात इंग्लंडची तिजोरी रिकामी झाली होती, म्हणून चांदीवर औंसाला सहा पेन्स कर बसला. कर भरल्याची पावती म्हणजे तिसऱ्या जॉर्जचे मस्तक. सुरुवातीच्या दीड वर्षात ते खोलगट आणि डावीकडे तोंड केलेले, नंतर उठावाचे आणि उजवीकडे पाहणारे. म्हणून १७८५-८६ची भांडी पटकन ओळखू येतात. ‘एचबी’शेजारी व्हिक्टोरिया राणीचे मस्तक असेल तर विचार करण्याचे कारणच नाही. हेस्टर यांना जाऊन तेव्हा चाळीसहून अधिक वर्षे झाली होती.

चमच्यावर खुणा कुठे आहेत, हेही पाहावे. साधारण १७८० पर्यंत त्या दांड्याच्या खालच्या टोकाला, वाटीजवळ मारत, नंतर वर सरकल्या. किटली असेल तर झाकणही तपासावे. झाकणावर काहीच नसेल किंवा त्याची अक्षरे वेगळी असतील, तर झाकण नंतर बसवलेले असू शकते. एक फसवणूक विशेष जुनी आहे. मोडक्या छोट्या वस्तूवरील खरे शिक्के कापून नव्या भांड्याच्या तळाला डागायचे. शिक्क्यांभोवती डागाची बारीक रेघ दिसते का, हे पाहण्यासाठी भांड्यावर वाफ सोडून बघतात. रेघ असेल तर ती लपत नाही. शिवाय छोट्या चमच्यांवर आणि चिमट्यांवर सगळ्या खुणा नसतातच, त्यामुळे तेथे केवळ खुणा कमी आहेत म्हणून वस्तू खोटी ठरत नाही.

आपल्याकडे घडलेल्या चांदीवर काय असते?

ब्रिटिश भारतात लंडनसारखी कस-कचेरीची सक्तीची व्यवस्था नव्हती. म्हणून येथील भांड्यांवर वर्षाचे अक्षर शोधून उपयोग नाही, घडवणाऱ्याची खूण हाच एकमेव धागा. कोलकात्याची हॅमिल्टन आणि कंपनी आपल्या आद्याक्षरांबरोबर हत्तीचे चित्र वापरी. चेन्नईच्या पी. ऑर अँड सन्सच्या मालावर पेढीचे नाव असे. मुलुंड आणि घाटकोपरच्या कच्छी कुटुंबांनी मात्र ‘ओ. एम.’ किंवा ‘ओ. एम. भुज’ ही अक्षरे शोधावीत. ती ओमर्सी मावजी यांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते कच्छच्या महारावांचे चांदीकार होते. दाट वेलींचे उठावाचे काम आणि त्या वेलींत दडलेले पशू-पक्षी ही त्यांच्या कामाची ओळख. त्यांच्या किटल्या आणि दुधाचे जग आज परदेशी लिलावांत मोठ्या किमतीला जातात. कच्छी भांड्यांवर खूण असतेच असे नाही, त्यामुळे खूण नाही म्हणून ते साधे, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

आजच्या हॉलमार्कमध्ये घडवणारा दिसतो का?

भारतीय मानक ब्युरोने चांदीसाठी हॉलमार्क २००५ मध्ये सुरू केला. सोन्याप्रमाणे तो सक्तीचा नाही, ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक येऊ लागला असून तो ब्युरोच्या मोबाइल ॲपवर तपासता येतो. त्यातून कस आणि विक्रेत्याची नोंदणी कळते.

मोडीला देण्याआधी शिक्क्यांचे स्पष्ट छायाचित्र घेऊन ठेवावे, आणि सराफाला वजनाआधी भांडे उलटे करून दाखवावे. विकायचेच असेल तर १९७२च्या पुरावशेष कायद्याची एक अट माहीत हवी. शंभर वर्षांहून जुनी अशी कारागिरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. हेस्टर यांचा चमचा लंडनहून मुंबईला आला, तो परत लंडनच्या लिलावात पाठवण्याची वाट या कायद्याने बंद आहे. देशांतर्गत विक्रीला हरकत नाही, मात्र अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो आणि तो आधी पाहून घ्यावा.